एक नोकरी, छप्पन्न वर्षे

अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलच्या प्रशिक्षकाला त्या देशाच्या सार्वजनिक जीवनात जे स्थान आहे त्याची कल्पना आपल्याकडील वाचकाला सहजासहजी येणार नाही. कारण आपल्या विद्यापीठांतील क्रीडाशिक्षक हा बहुधा विद्यापीठाच्या आवारातच ओळखला जातो, आणि त्याचे नाव वर्तमानपत्रात आलेच तर ते आंतरविद्यापीठीय सामन्यांच्या निकालाखाली, आतल्या पानावर, बारीक टाइपात येते. तिकडे राज्याच्या गव्हर्नराचे नाव न सांगू शकणारा माणूसही आपल्या विद्यापीठाच्या फुटबॉल-प्रशिक्षकाचे नाव, त्याने जिंकलेले सामने आणि त्याने केलेल्या चुका यांची जंत्री घडाघडा सांगतो. मोठ्या विद्यापीठांत त्याचा मुशाहिरा कुलगुरूंच्या मुशाहिऱ्याच्या कितीतरी पट असतो. आणि मिशिगन विद्यापीठाचे क्रीडांगण तर असे आहे की तेथे शनिवारी दुपारी लाखाहून अधिक माणसे एका वेळी बसून खेळ पाहतात. हा खेळ मुळी विद्यापीठांतच जन्मला आणि तेथेच वाढला. रटगर्स आणि प्रिन्स्टन या दोन महाविद्यालयांत पहिला सामना झाला तो १८६९ साली, आणि धंदेवाईक संघांची लीग स्थापन झाली ती १९२० मध्ये; म्हणजे पैसे घेऊन खेळणारे संघ रीतसर संघटित होण्यापूर्वी अर्धशतक विद्यार्थी हा खेळ खेळत होते, आणि धंदेवाईक संघांना लागणारे खेळाडू आजही मुख्यतः विद्यापीठांतूनच येतात.

या प्रशिक्षकांच्या मालिकेत नोटर डेमचे क्नूट रॉक्नी आहेत, अलाबामाचे पॉल ‘बेअर’ ब्रायंट आहेत, आणि त्यांच्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. मला येथे ज्यांच्याविषयी लिहावयाचे आहे त्या एडी रॉबिन्सन यांची कारकीर्द मात्र लुइझियाना राज्याच्या उत्तर भागातील, पाइन वृक्षांच्या रानात वसलेल्या ग्रॅम्बलिंग नावाच्या एका खेड्यात सुरू झाली आणि छप्पन्न वर्षांनी तेथेच संपली. जिंकलेल्या सामन्यांच्या संख्येत त्यांनी एके काळी साऱ्यांना मागे टाकले होते हे खरे. परंतु त्यांच्या कार्याचे मोल त्या संख्येत शोधणाऱ्याच्या हाती थोडेच लागेल असे माझे मत आहे. जे दार आपल्या विद्यार्थ्यांना बंद आहे हे पक्के ठाऊक आहे, ते उद्या उघडणारच असे धरून चालून त्यांची आजच पूर्ण तयारी करून घेणे, आणि हे एक-दोन वर्षे नव्हे तर पिढ्यान् पिढ्या करीत राहणे, हा त्यांचा खरा पराक्रम.

खेळाची थोडी माहिती दिल्यावाचून पुढचे काही कळणार नाही. शंभर यार्ड लांबीच्या मैदानावर अकरा-अकरा गडी समोरासमोर उभे राहतात. ज्या पक्षाच्या हाती लांबट आकाराचा चेंडू असतो त्याला चार प्रयत्नांत निदान दहा यार्ड पुढे सरकावे लागते. सरकता आले तर आणखी चार प्रयत्न मिळतात, न आले तर चेंडू प्रतिपक्षाकडे जातो. चेंडू घेऊन प्रतिपक्षाच्या टोकाची रेषा ओलांडली की ‘टचडाउन’ होते व सहा गुण मिळतात. चढाई करणाऱ्या पक्षाचा सूत्रधार तो क्वार्टरबॅक. प्रत्येक डावाच्या आरंभी चेंडू प्रथम त्याच्या हाती येतो, आणि समोरून अंगावर धावून येणारे धिप्पाड गडी त्याला खाली पाडण्यापूर्वी, दोन-तीन सेकंदांच्या अवधीत, चेंडू शेजारच्या गड्याच्या हाती सोपवायचा की चाळीस यार्डांवर धावत असलेल्या साथीदाराकडे फेकायचा याचा निर्णय त्याला करावा लागतो. साऱ्या संघाने त्याचा शब्द मानावयाचा असतो. या एका जागेभोवती अमेरिकेतील वर्णभेदाचे केवढे मोठे प्रकरण गुंतलेले होते, ते पुढे येईलच.

महात्मा फुले यांनी १८७३ मध्ये आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अर्पण केला तो निग्रो लोकांना दास्यातून मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना. त्या अर्पणपत्रिकेला चारच वर्षे झाली होती, तोच दक्षिणेतील संघराज्याच्या फौजा मागे घेण्यात आल्या, आणि मुक्त झालेल्या लोकांना मिळालेले हक्क तेथील गोऱ्या सत्ताधाऱ्यांनी एकामागून एक काढून घेण्यास आरंभ केला. आगगाडीचे डबे वेगळे, शाळा वेगळ्या, पाण्याचे नळ वेगळे, स्मशाने वेगळी. या पृथक्करणावर देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने १८९६ मध्ये कायद्याची मोहर उठविली, आणि तो खटला लुइझियानातलाच होता. याच राज्यात १९०१ साली कृष्णवर्णीय शेतकऱ्यांच्या एका संस्थेने आपल्या मुलांसाठी एक शाळा काढण्याचे ठरविले आणि टस्कीगी येथील शिक्षणसंस्थेच्या बुकर टी. वॉशिंग्टन यांच्याकडे माणूस मागितला. त्यांनी चार्ल्स पी. अ‍ॅडम्स यांना पाठविले. त्या शाळेचेच पुढे ग्रॅम्बलिंग कॉलेज झाले.

एडी रॉबिन्सन यांचा जन्म १३ फेब्रुवारी १९१९ रोजी त्याच राज्यातील जॅक्सन या गावी झाला. वडील दुसऱ्याच्या जमिनीत वाट्याने कापूस पिकविणारे, आई लोकांच्या घरची कामे करणारी. पुढे हे कुटुंब बॅटन रूज या राजधानीच्या शहरी आले. एडी प्राथमिक शाळेत असताना मॅकिन्ली हायस्कुलाचे प्रशिक्षक ज्युलियस क्राफ्ट हे आपल्या संघातील मुलांना खेळाच्या पोशाखात घेऊन त्या शाळेत आले. ती मुले ज्या आदराने आपल्या गुरुजींचा शब्द झेलीत होती तो पाहून या मुलाने त्याच दिवशी मनाशी ठरविले की आपण मोठेपणी प्रशिक्षक व्हायचे. मुलांना खेळाडूचा हेवा वाटतो, या मुलाला शिक्षकाचा वाटला. बॅटन रूजमध्येच राज्याचे मोठे विद्यापीठ होते, परंतु कृष्णवर्णीयाला तेथे प्रवेश नव्हता. तेव्हा जवळच्या लीलंड कॉलेजात, बॅप्टिस्ट पंथाच्या एका लहानशा संस्थेत, तो क्वार्टरबॅक म्हणून खेळला आणि १९४१ मध्ये पदवीधर झाला.

पदवी मिळाली तरी प्रशिक्षकाची जागा कोठेच नव्हती. रॉबिन्सन बॅटन रूजमधील जनावरांच्या खाद्याच्या गिरणीत ताशी पंचवीस सेंट मजुरीने काम करू लागले. त्याच वर्षी डॉरिस मॉट यांच्याशी त्यांचा विवाह झाला, आणि सासरच्या नात्यातूनच वार्ता आली की ग्रॅम्बलिंगला प्रशिक्षक हवा आहे. संस्थेचे अध्यक्ष राल्फ वॉल्डो इमर्सन जोन्स हे स्वतः बेसबॉलचे प्रशिक्षक होते. बावीस वर्षांच्या या तरुणाशी बोलून त्यांनी दरमहा ६३ डॉलर ७५ सेंट वेतनावर त्याची नेमणूक केली. जोन्स १९३६ पासून १९७७ पर्यंत त्या संस्थेचे अध्यक्ष होते. एवढा दीर्घ काळ दोन माणसांचा परस्परांवर अढळ विश्वास राहिला, आणि रॉबिन्सन यांच्या कारकिर्दीचा विचार करताना हे भाग्य विसरता येत नाही. पराभवाच्या पहिल्या वर्षीच प्रशिक्षकाला निरोप देण्याची रीत त्या देशात नवी नाही.

कारण पहिल्या वर्षी पराभवच अधिक झाले. आठांपैकी तीन सामने जिंकले, पाच गमावले. दुसऱ्या वर्षी, १९४२ मध्ये, ग्रॅम्बलिंगने नऊच्या नऊ सामने जिंकले, आणि त्या नऊ सामन्यांत प्रतिपक्षाला एक गुणसुद्धा मिळू दिला नाही. महायुद्धामुळे पुढली दोन वर्षे कॉलेजाचा संघच उभा राहिला नाही, तेव्हा रॉबिन्सन गावच्या हायस्कुलातील मुलांना शिकवू लागले. त्या आरंभीच्या वर्षांतील एक हकीकत सांगितली जाते. ऐन हंगामात दोन भावांना त्यांच्या वडिलांनी कापसाच्या वेचणीसाठी घरी नेले. कापूस बोंडांतून फुटून पांढरा होऊन उभा असताना बापाने मुलांना खेळायला सोडावे अशी अपेक्षा कोणत्या तोंडाने करणार? रॉबिन्सन स्वतः कापूस वेचणाऱ्याच्या घरी जन्मलेले; ते त्या बापाशी वाद घालायला गेले नाहीत. साऱ्या संघाला घेऊन ते शेतावर गेले, सर्वांनी मिळून कापूस वेचून दिला, आणि दोघे भाऊ संघात परत आले.

ग्रॅम्बलिंगचा प्रशिक्षक म्हणजे त्या काळी कोण आणि काय, हे जवळून पाहण्यासारखे आहे. मैदानावरचे गवत कापायचे ते रॉबिन्सन यांनी. चुन्याच्या रेघा ओढायच्या त्यांनीच. सामन्यापूर्वी मुलांच्या घोट्यांना पट्ट्या बांधायच्या, मध्यंतरात कवायत करणाऱ्या मुलींच्या पथकाची तालीम घ्यायची, बास्केटबॉल शिकवायचा, आणि सामना संपल्यावर त्याचा वृत्तांत लिहून वर्तमानपत्राकडे पाठवायचा, हेही त्यांच्याच माथी. परगावी सामना असला म्हणजे आणखी एक काम वाढे. वाटेतल्या उपाहारगृहांत कृष्णवर्णीयांना बसू देत नसत. म्हणून निघण्यापूर्वी ते पावाच्या तुकड्यांत मांस घालून साऱ्या संघाची शिदोरी स्वतः बांधीत, आणि मुले ती बसमध्येच खात. तीस-चाळीस दणकट तरुणांना, ज्यांच्या पोटात भूक आहे आणि मनात अपमान आहे, रात्रीच्या प्रवासात शांत ठेवणे आणि दुसऱ्या दिवशी मैदानावर त्यांच्याकडून मन लावून खेळ करून घेणे, ही विद्या प्रशिक्षणाच्या कोणत्याही शिबिरात शिकवीत नाहीत.

पुढे मदतनीस मिळाले, वेतन वाढले, १९८३ मध्ये त्यांच्या नावाचे क्रीडांगणही उभे राहिले. परंतु एक कामगिरी त्यांनी मदतनिसावर सोपविली नाही. सकाळी ते वसतिगृहात हातात घंटा घेऊन शिरत आणि खोल्यांच्या रांगेतून ती वाजवीत जात. सरावासाठी नव्हे, न्याहारी करून वर्गात वेळेवर जाण्यासाठी. संघ प्रवासाला निघाला की प्रत्येकाच्या अंगात कोट आणि गळ्यात टाय असलाच पाहिजे हा दंडक. टेबलाशी कसे बसावे, मुलाखत घेणाऱ्याच्या डोळ्यांत पाहून पूर्ण वाक्यात उत्तर कसे द्यावे, हेही ते शिकवीत. प्रत्येक मुलाला असे शिकवावे की उद्या हाच आपला जावई व्हायचा आहे, असे ते इतर प्रशिक्षकांना सांगत असत. स्वतःच्या शिक्षणाविषयीही ते तितकेच दक्ष होते. पदव्युत्तर शिक्षणासाठी ते दूर उत्तरेकडील आयोवा विद्यापीठात जात राहिले आणि १९५४ मध्ये त्यांनी तेथली एम. ए. ची पदवी घेतली.

धंदेवाईक लीगने १९३३ नंतर बारा वर्षे एकाही कृष्णवर्णीयाला संघात घेतले नव्हते. १९४६ मध्ये लॉस एंजेलिस रॅम्सने ही बंदी मोडली, ती मोठ्या विद्यापीठात शिकलेल्या दोघा खेळाडूंना घेऊन. ग्रॅम्बलिंगसारख्या पृथक कॉलेजांतील खेळाडू मात्र अजून कोणाच्या गणतीत नव्हता. १९४९ साली त्याच रॅम्सने पॉल ‘टँक’ यंगर याला बोलाविले. धंदेवाईक संघ दरवर्षी पाळीपाळीने, फेऱ्याफेऱ्यांनी महाविद्यालयीन खेळाडू निवडून घेतात, त्या निवडीच्या यादीतून तो आला नव्हता, केवळ स्वतःला आजमावून पाहण्याची मुभा त्याला मिळाली होती. रॉबिन्सन यांनी त्याची पाठवणी करताना त्याच्यावर जे ओझे ठेवले ते कोवळ्या खांद्यांना पेलणारे नव्हते: तू अपयशी ठरलास तर आपल्या कॉलेजांतील दुसऱ्या मुलाला अशी संधी केव्हा मिळेल याचा नेम नाही, एवढे ध्यानात ठेव. यंगर दहा हंगाम खेळला. त्याच्या मागून ग्रॅम्बलिंगची वाट रुळली. १९६३ मध्ये अमेरिकन फुटबॉल लीगच्या निवडीत साऱ्या देशातून पहिल्या क्रमांकाने निवडला गेला तो ग्रॅम्बलिंगचा बक ब्यूकॅनन. विली डेव्हिस हा विन्स लोम्बार्डी यांच्या ग्रीन बे संघातील बचावाचा आधारस्तंभ झाला, आणि खेळत असतानाच शिकागो विद्यापीठातून व्यवसायशास्त्राची पदव्युत्तर पदवी मिळवून पुढे यशस्वी उद्योजक झाला. विली ब्राउन आणि चार्ली जॉइनर यांच्यासह हे चौघे धंदेवाईक फुटबॉलच्या कीर्तिमंदिरात गेले. सर्व मिळून दोनशेहून अधिक मुले त्या एका खेड्यातून धंदेवाईक संघांत पोचली.

एवढे झाले तरी एक जागा बंदच होती. धावण्यासाठी, अडविण्यासाठी, अंगबळाच्या कामासाठी कृष्णवर्णीय तरुण चालत असे. पण ज्याने विचार करावयाचा, ज्याने हुकूम सोडावयाचा आणि गोऱ्या साथीदारांनी ज्याचा हुकूम मानावयाचा, त्या क्वार्टरबॅकच्या जागी तो चालत नसे. महाविद्यालयात उत्तम क्वार्टरबॅक म्हणून गाजलेल्या कृष्णवर्णीय मुलाला धंदेवाईक संघात गेल्यावर धावपटूच्या किंवा बचावाच्या जागी हलवीत, आणि याला बुद्धीचे, नेतृत्वाचे कारण देत. शरीर सारे मान्य, मस्तक तेवढे अमान्य, असा हा न्याय होता. रॉबिन्सन स्वतः क्वार्टरबॅक म्हणून खेळलेले असल्यामुळे हा अन्याय त्यांना इतर कोणत्याही अन्यायापेक्षा अधिक जिव्हारी लागला असला पाहिजे. तुमचे एवढे खेळाडू धंदेवाईक संघांत गेले, मग क्वार्टरबॅक का नाही, असे हॉवर्ड कोसेल या नामांकित क्रीडा-निवेदकाने त्यांना विचारले. या प्रश्नाला त्यांनी तोंडी उत्तर देण्याऐवजी मुलगाच तयार करून द्यायचे ठरविले.

तो मुलगा लुइझियानातल्याच मनरो या गावचा जेम्स हॅरिस. उंच, धिप्पाड आणि लांबवर अचूक चेंडू फेकणारा. धंदेवाईक संघ ज्या पद्धतीची चढाई करतात तिच्यातले बारकावे रॉबिन्सन यांनी त्याला चार वर्षे शिकविले. कारण उद्या एखाद्या संघाने ‘खेळ चांगला आहे, पण आमची पद्धत याला माहीत नाही’ असे म्हणू नये. दुसऱ्या जागी खेळण्यास तयार झालास तर लवकर निवडला जाशील असे संघांचे म्हणणे होते. हॅरिसने ते मान्य केले नाही, आणि १९६९ च्या निवडीत त्याचे नाव आठव्या फेरीपर्यंत कोणी घेतले नाही. तो इतका खचला की खेळच सोडून द्यावा असे त्याच्या मनात आले. रॉबिन्सन यांनी त्याला जे सांगितले त्याचा आशय असा, की जायचे तर जा, पण परत येऊन मी काळा असल्यामुळे मला घेतले नाही असे मला सांगू नकोस. ते तर तुला आजच ठाऊक आहे. या शब्दांत कठोरपणा आहे, आणि आजच्या वाचकाला तो खटकेल. पण सबबीची वाटच आधी बंद करणारे ते शब्द होते. हॅरिस बफेलो बिल्स संघात गेला आणि त्याच वर्षीच्या हंगामातील पहिल्या सामन्यात तो आरंभापासून क्वार्टरबॅकच्या जागी उभा राहिला. कृष्णवर्णीयाने हंगामाचा आरंभ त्या जागेवरून करावा असे त्यापूर्वी कधी झाले नव्हते. पाच वर्षांनी रॅम्सकडून खेळताना त्याने बाद फेरीचा सामनाही जिंकून दाखविला.

हॅरिसनंतर डग विल्यम्स. १९७४ ते १९७७ या काळात तो ग्रॅम्बलिंगचा क्वार्टरबॅक होता आणि देशातील सर्वोत्कृष्ट महाविद्यालयीन खेळाडूला मिळणाऱ्या हाइजमन पारितोषिकाच्या मतदानात त्याचा चौथा क्रमांक आला. टँपा बे संघाने त्याला १९७८ मध्ये पहिल्या फेरीत निवडले. निवडीपूर्वी त्याला पाहण्यासाठी जो गिब्स नावाचे प्रशिक्षक ग्रॅम्बलिंगला येऊन राहिले होते. पुढे हेच गिब्स वॉशिंग्टनच्या संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले, विल्यम्स त्यांच्याकडे गेला, आणि ३१ जानेवारी १९८८ रोजी सॅन डिएगो येथे सुपर बोल या धंदेवाईक लीगच्या अंतिम सामन्यात क्वार्टरबॅक म्हणून उभा राहिला. त्या सामन्यात त्या जागी उभा राहिलेला तो पहिला कृष्णवर्णीय. पहिल्या चतुर्थांशात डेन्व्हरने दहा गुण केले, वॉशिंग्टनला शून्य. त्यातच विल्यम्सचा गुडघा दुखावला आणि त्याला काही वेळ बाहेर बसावे लागले. दुसऱ्या चतुर्थांशात तो लंगडत परतला आणि पंधरा मिनिटांच्या खेळात त्याने चार टचडाउनचे चेंडू फेकले. संघाचे एकूण पस्तीस गुण झाले. अंतिम निकाल ४२–१०, आणि सर्वोत्कृष्ट खेळाडूचा मान विल्यम्सला. रॉबिन्सन त्या दिवशी एकोणसत्तराव्या वाढदिवसाच्या उंबरठ्यावर होते. वर्णाभिमान्यांनी पन्नास वर्षे ज्या एका युक्तिवादावर भिस्त ठेवली होती तो त्यांच्या विद्यार्थ्याने कोट्यवधी लोकांच्या डोळ्यांदेखत पंधरा मिनिटांत निकालात काढला.

ग्रॅम्बलिंगचे नाव एव्हाना साऱ्या देशाला परिचित झाले होते, आणि याचे श्रेय पुष्कळसे कॉली निकल्सन या संस्थेच्या प्रसिद्धी-अधिकाऱ्याला दिले पाहिजे. आसपासच्या गोऱ्या विद्यापीठांशी खेळायला मिळत नाही, तर आपणच संघ घेऊन देशभर हिंडावे, हा विचार त्यांनी उचलून धरला. १९६८ मध्ये न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियममध्ये मॉर्गन स्टेटशी सामना झाला तेव्हा साठ हजारांवर प्रेक्षक जमले. ग्रॅम्बलिंग ७–९ असे हरले, पण त्या दिवसापासून मोठ्या शहरांची दारे त्यांना उघडी झाली. १९७६ साली हेच दोन संघ टोकियोला जाऊन खेळले. १९७४ पासून न्यू ऑर्लिन्स येथे सदर्न विद्यापीठाशी दरवर्षी होणारा ‘बायू क्लासिक’ सामना तर कृष्णवर्णीय समाजाचा वार्षिक मेळाच झाला आहे, आणि ग्रॅम्बलिंगचे वाद्यवृंदपथक पाहण्यासाठी येणाऱ्यांची संख्या खेळ पाहणाऱ्यांपेक्षा कमी नसावी.

या वैभवाला दुसरी बाजूही होती, ती झाकून ठेवण्याचे कारण नाही. १९६७ मध्ये ग्रॅम्बलिंगच्या विद्यार्थ्यांनीच चळवळ केली; संस्थेत खेळाला अवास्तव महत्त्व आहे आणि अध्ययनाकडे दुर्लक्ष होते अशी त्यांची तक्रार होती, आणि पुढाऱ्यांना कॉलेजातून काढून टाकण्यात आले. त्या काळच्या तप्त वातावरणात रॉबिन्सन यांची अमेरिकेवरील निष्ठा, राष्ट्रगीताविषयीचा आदर, कोट-टायचा आग्रह हे तरुणांपैकी कित्येकांना नेभळटपणाचे वाटले. माझ्या मते त्या विद्यार्थ्यांची तक्रार खरी होती, तरी रॉबिन्सन यांना नेभळट म्हणणे अन्यायाचे होते. मोर्चात न जाणारा प्रत्येक माणूस स्वस्थ बसलेला असतो असे नाही.

त्यांच्या आयुष्यातील सर्वांत अवघड प्रसंग आला तो मात्र विजयाच्या रूपाने. १९७० च्या सप्टेंबरात दक्षिण कॅलिफोर्नियाचा संघ अलाबामाच्या गोऱ्या संघाशी बर्मिंगहॅम येथे खेळला. सॅम कनिंगहॅम या कृष्णवर्णीय खेळाडूने अलाबामाचा बचाव उद्ध्वस्त केला, आणि सामना ४२–२१ असा सुटला. बेअर ब्रायंट यांनी एका कृष्णवर्णीय मुलाला त्यापूर्वीच शिष्यवृत्ती दिली होती; या पराभवानंतर विरोध करणाऱ्यांची तोंडे बंद झाली, आणि पाहता पाहता दक्षिणेतील साऱ्या मोठ्या विद्यापीठांनी आपली दारे उघडली. ज्यासाठी रॉबिन्सन तीस वर्षे मुलांची तयारी करून घेत होते ते घडले. परंतु लुइझियानातील ज्या गुणी मुलाला पूर्वी ग्रॅम्बलिंगवाचून गत्यंतर नव्हते, तो आता लाखभर प्रेक्षकांच्या क्रीडांगणावर, दूरचित्रवाणीसमोर, राज्याच्या विद्यापीठाकडून खेळू लागला. ग्रॅम्बलिंगकडे द्यायला तसे क्रीडांगण नव्हते, तसा पैसा नव्हता. मुक्तीचा हा हिशेब असा विचित्र आहे की तिच्यासाठी झिजलेल्या संस्थांनाच तिची किंमत प्रथम मोजावी लागते. रॉबिन्सन यांनी या बदलाविरुद्ध शब्द काढल्याचे माझ्या वाचनात नाही.

५ ऑक्टोबर १९८५ रोजी डॅलसच्या कॉटन बोल क्रीडांगणावर ग्रॅम्बलिंगने प्रेअरी व्ह्यू संघाला २७–७ असे हरविले. रॉबिन्सन यांचा हा ३२४ वा विजय, आणि दोन वर्षांपूर्वी निवर्तलेल्या ब्रायंट यांच्या ३२३ विजयांचा उच्चांक त्याने मागे पडला. लहान लहान कॉलेजांना हरवून मिळविलेले हे विजय ब्रायंट यांच्या विजयांच्या पंक्तीला कसे बसवायचे, असा आक्षेप तेव्हा निघाला. आक्षेपकांना एवढेच विचारावयास हवे होते की १९४१ पासून तीस वर्षे अलाबामाशी किंवा लुइझियानाच्या राज्य विद्यापीठाशी ग्रॅम्बलिंगला खेळू न देणारे कोण होते. ती बंदी ज्याच्यावर लादली गेली त्यालाच तिचा जाब विचारणे हे न्यायाचे नव्हे. स्वतः रॉबिन्सन या वादात पडले नाहीत. आपला खरा उच्चांक म्हणजे एकच नोकरी आणि एकच पत्नी, असे ते सांगत.

अखेरची वर्षे कष्टाची गेली. १९९५ मध्ये चारशेवा विजय मिळाला खरा, पण तो हंगाम, आणि त्याच्या पुढले दोन, जयापेक्षा पराजयांचे ठरले. नियमभंगाबद्दल संस्थेवर चौकशी बसली. आणि १९९६ च्या अखेरीस त्यांनी आता पायउतार व्हावे अशी हालचाल सुरू झाली. गव्हर्नरांसह अनेकांनी जाहीर आग्रह धरला, तेव्हा त्यांना निरोपाचे म्हणून आणखी एक वर्ष मिळाले. सत्तर ओलांडल्यावर त्यांनी स्वतःहून थांबावयास हवे होते असे म्हणता येईल, आणि त्यात तथ्यही आहे. परंतु ज्याने बाविसाव्या वर्षी हाती घेतलेले काम सोडून पुढे दुसरे कोणतेही काम आयुष्यात केले नाही, त्याने ते कोणत्या सकाळी सोडावे हे दुसऱ्याने सांगणे सोपे नसते. १९९७ च्या बायू क्लासिकमध्ये सदर्नने ग्रॅम्बलिंगला ३०–७ असे हरविले आणि कारकीर्द संपली: ४०८ जय, १६५ पराजय, १५ सामने बरोबरीत, आपल्या गटाची सतरा विजेतेपदे. पुढे मिनेसोटातील एका लहान कॉलेजाचे प्रशिक्षक जॉन गॅग्लियार्डी यांनी २००३ मध्ये ४०८ चा आकडा ओलांडला. रॉबिन्सन यांना तोवर स्मृतिभ्रंशाच्या आजाराने ग्रासले होते. ३ एप्रिल २००७ रोजी त्यांचे निधन झाले, आणि बॅटन रूज येथील राज्याच्या विधानभवनात त्यांचे पार्थिव लोकांच्या दर्शनासाठी सरकारी इतमामाने ठेवण्यात आले.

त्यांच्या जागी १९९८ मध्ये डग विल्यम्सची नेमणूक झाली होती. त्याने २००० पासून लागोपाठ तीन वर्षे ग्रॅम्बलिंगला गटाचे विजेतेपद मिळवून दिले. जेम्स हॅरिस २००३ मध्ये जॅक्सनव्हिल जॅग्वार्स या संघाचा उपाध्यक्ष झाला, आणि खेळाडूंची पारख व निवड हे खाते त्याच्याकडे आले. त्या वर्षीच्या एप्रिलमधील निवडीत पहिल्या फेरीत त्याच्या संघाने सातव्या क्रमांकावर ज्याचे नाव पुकारले तो बायरन लेफ्टविच कृष्णवर्णीय होता, आणि त्याला घेतले होते क्वार्टरबॅकच्याच जागेसाठी.